बॉल मिल जास्त फिरवली म्हणून तांबं चांगलं होत नाही

परत तोच मेसेज सगळीकडे फिरतोय. "तांब्याच्या पावडरीत थोडं कार्बाइड टाका, बॉल मिलमध्ये फिरवा, न वितळवता स्टीलसारखं कडक तांबं मिळतं, कंडक्टिव्हिटी जराही कमी होत नाही, जितके तास जास्त तितका माल चांगला, आता सगळ्या वायरी याच्याच होणार." मी या कामात बरीच वर्षं आहे, बॉल मिलचे जार (पावडर आणि स्टीलचे गोळे घालून फिरवायचे बंद डबे) स्वतः भरलेत आणि खरवडलेत पण, आणि मूळ गोष्ट खरंच भारी आहे म्हणून असलं काही वाचलं की राहवत नाही.

आधी कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता. कार्बाइड (कार्बनचं धातूशी किंवा सिलिकॉनशी झालेलं कडक संयुग) हे तांब्याच्या मानाने फारच कमी वीज वाहून नेतं, म्हणजे करंटला त्या कणांना वळसा घालून जावं लागतं. कण गोल आहेत आणि अजिबात वीज वाहत नाहीत असं धरून हिशोब केला तर आकारमानाने 5% कार्बाइडला साधारण 93% कंडक्टिव्हिटी उरते, 10% ला 86%, 20% ला 73%. तेही एकसुद्धा छिद्र नाही आणि तांबं आतून एकदम स्वच्छ असं मानून! शिवाय मेसेजमध्ये टक्के वजनाचे की आकारमानाचे ते पण सांगितलेलं नसतं, आणि फरक छोटा नाहीये, वजनाने 5% टायटॅनियम कार्बाइड म्हणजे आकारमानाने जवळपास 9%, आणि तेवढंच टंगस्टन कार्बाइड म्हणजे जेमतेम 3%, कारण एकाची घनता 4.9 आणि दुसऱ्याची 15.6.

पण खरा घात कार्बाइड करतच नाही, तांब्यात विरघळलेले परके अणू करतात. आणि इथेच "जितके तास जास्त" वाला मुद्दा कोसळतो. मिलमध्ये स्टीलचे गोळे एकमेकांवर आपटत असतात, मधे सापडलेली पावडर चपटी होते, एकमेकींना चिकटते, तुटते, परत चिकटते, तसं होत होत कार्बाइड तांब्याच्या आत बारीक पसरतं. हे काही तासांत बऱ्यापैकी होऊन जातं. नंतर गोळे आणि जार झिजत राहतात, त्यातलं लोखंड पावडरीत येतं, आणि 0.1% लोखंड जरी तांब्यात विरघळून राहिलं तरी साधारण एक तृतीयांश कंडक्टिव्हिटी गेली समजा. म्हणजे कार्बाइडने घेतली नसती एवढी लोखंडाने नेली. तांबं मऊ असल्याने जारच्या भिंतीलाही थापून बसतं, ते टाळायला स्टिअरिक ॲसिड (मेणासारखं वंगण) घालतात, ते जास्त झालं तर सिंटरिंगच्या वेळी (दाबलेली पावडर न वितळवता भट्टीत तापवून जोडताना) त्याचा गॅस होऊन तुकडा आतून फुगतो. मी एकदा पावडर चिकटू नये म्हणून हे थोडं सढळ हाताने घातलं होतं आणि भट्टीतून निघालेल्या सगळ्या तुकड्यांवर फोड आले होते, पूर्ण बॅच वाया.

कुठलंही कार्बाइड चालतं हा पण गैरसमज. सिलिकॉन कार्बाइड जास्त तापलं की तांब्याशी रिअॅक्शन करतं, सुटलेलं सिलिकॉन तांब्यात जातं आणि कंडक्टिव्हिटी घसरते. टायटॅनियम आणि ग्रॅफाइट वेगवेगळे टाकून मिलमध्येच कार्बाइड बनवायचं असेल तर रिअॅक्शन अर्धवट राहून चालत नाही, उरलेलं टायटॅनियम विरघळून तोच त्रास देतं. म्हणून मला नायोबियम आवडतं, ते घन तांब्यात जवळजवळ विरघळतच नाही, थोडं उरलं तरी फारसं बिघडत नाही.

"न वितळवता" हे मात्र बरोबर. वितळलेल्या तांब्यात टायटॅनियम कार्बाइड नीट भिजत नाही आणि हलकं म्हणून वर येतं, टंगस्टन कार्बाइड छान भिजतं पण जड म्हणून तळाला बसतं, त्यामुळे सारखं पसरवायला मिल लागतेच. ही पद्धत 1966 च्या सुमारास जॉन बेंजामिन यांनी निकेलच्या सुपरअलॉयमध्ये (खूप तापमानातही टिकणाऱ्या मिश्रधातूत) ऑक्साइड पसरवायला काढली, तिथेही अडचण अशीच होती. पण न वितळवता म्हणजे न तापवता नाही हो, पावडर दाबून 900 अंशांच्या आसपास सिंटर करावीच लागते.

आता कडकपणा. मिलमधून आलेली पावडर कडक असते ती मुख्यतः ठोकून ठोकून, कार्बाइडमुळे नाही. साधं तांबं तसंच मिल करून भट्टीत घातलं तर तो कडकपणा बराचसा निघून जातो. कार्बाइडचं खरं काम तिथे सुरू होतं, बारीक कण तांब्यातल्या स्फटिक दाण्यांच्या सीमा अडवून धरतात आणि तांबं तापल्यावरही मऊ पडत नाही. त्यासाठी टक्का वाढवण्यापेक्षा कण बारीक करा, आकारमान तेवढंच ठेवून व्यास शंभरपट लहान केला तर कणांची संख्या दहा लाख पटीने वाढते. "स्टीलसारखं" म्हणाल तर ताठपणा वाढतच नाही म्हणा ना, तांब्याचा साधारण 120 गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), स्टीलचा 200, दोन-पाच टक्के कार्बाइडने ती दरी भरत नाही.

वायरींचं तर सोडाच, तिथे तार बारीक ओढता यायला हवी आणि कंडक्टिव्हिटी पूर्ण हवी, दोन्हीकडे साधं तांबंच पुढे. याची जागा स्पॉट वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडसारख्या कामात, जिथे टोक दर ठोक्याला तापतं, दाबलं जातं, आणि साधं तांबं चपटं होऊन बसतं.