दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, प्रदर्शनातले स्टँड बांधणाऱ्याकडून

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू आला त्याच दिवशी वाचला, उत्तराला उशीर झाला कारण आधी सुपरवायझर, डिझायनर, वायरमन सगळ्यांशी बोलायचं होतं आणि तुमचे-आमचे मेल काढून कोणत्या तारखेला काय झालं ते नीट बघायचं होतं. तुम्ही लिहिलंय की उद्घाटनाच्या सकाळी पेंटर अजून आतच होते, एलईडी वॉल साडेअकरापर्यंत बंद होती, मागच्या बॅकलिट, म्हणजे आतून लाईट असलेल्या भिंतीवर तुमचा निळा रंग जांभळा आला, कामगार आदल्या दिवशी बसून होते आणि शेवटी बिल कोटेशनपेक्षा जास्त निघालं. वर हेही की "कोणालाही विचारा, उत्तर एकच, होऊन जाईल."

हे सगळं झालंय, त्यातलं काहीही मी नाकारत नाही. आणि ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण मेल बघत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की बाकीची बहुतेक भानगड तिथूनच सुरू झालीये.

तुमचा स्टँड 9 बाय 6 मीटरचा, तीन बाजूंनी उघडा. ड्रॉइंग साइन झालं तेव्हा त्यात साधारण 900 किलोचं मशीन होतं. शोच्या आठ दिवस आधी तुमच्याकडून फोन आला की त्याऐवजी नवीन मॉडेल ठेवायचंय, 2600 किलो, थ्री फेज. आमच्या माणसाने फोनवरच सांगितलं, होऊन जाईल. मॅडम, नवीन मॉडेल दाखवायचं होतं म्हणजे तुमची मागणी योग्यच होती, शो त्यासाठीच असतो. चूक आमच्या उत्तरात होती. त्या एका बदलाने काय काय हलणार होतं ते त्याच फोनवर सांगायला हवं होतं, ते मी आता सांगतो, उशिरा का होईना.

वायरी लपवायला आपण 100 मिलिमीटर उंचीचा प्लॅटफॉर्म करतो, लाकडी फ्रेमवर प्लायवूड. तो माणसांसाठी असतो, 2600 किलो चार पायांवर उभं राहणारं मशीन त्यावर ठेवता येत नाही, ते हॉलच्या फरशीवरच बसवावं लागतं आणि प्लॅटफॉर्म त्याच्याभोवती कापून घ्यावा लागतो. फरशीवर किती वजन चालतं त्याचीही मर्यादा असते, ऑर्गनायझरला पायांच्या जागेसकट ड्रॉइंग देऊन परवानगी घ्यावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जड मशीन हॉलमध्ये सगळ्यात आधी जातं. रिकामा हॉल, मोकळी वाट, फोर्कलिफ्ट थेट जागेवर, मग भिंती, मग प्लॅटफॉर्म, मग कार्पेट. तुमचं मशीन गेटवर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर प्लॅटफॉर्म झालेला, बाजूची भिंत उभी, आणि वाटेत शेजारच्या स्टँडच्या पेट्या. भिंत उतरवली, प्लॅटफॉर्मची एक पट्टी काढली, फोर्कलिफ्टची वाट बघितली, मशीन आत घेतलं, परत सगळं जोडलं. पाच तास गेले.

तुम्ही ज्या कामगारांना बसलेलं बघितलंत ते याच वेळेतलं. फोर्कलिफ्ट सगळ्या हॉलला मिळून असते, नंबर येईपर्यंत आणि ती स्टँडमध्ये असेपर्यंत तिथे कोणालाही काम करू देत नाही आम्ही, ते सुरक्षिततेसाठी आहे आणि ते मी बदलणार नाही. तीच माणसं त्यानंतर पहाटेपर्यंत उभी होती. बाकी जो राग आहे तो माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको ही विनंती, त्यांनी काम मनापासून केलंय.

स्टँड उभा करायच्या 48 तासांत पाच तास म्हणजे फार वाटत नाहीत. पण हॉलमधलं काम एकापाठोपाठ एक असतं, सुताराचं झाल्याशिवाय वायरमन नाही, वायर आत गेल्याशिवाय पुट्टी आणि रंग नाही, रंग पूर्ण वाळल्याशिवाय विनाइल, म्हणजे छापलेलं स्टिकर, चिकटवता येत नाही कारण मग ते फुगतं किंवा कडेने सुटतं. पाच तास सुताराकडे गेले की ते शेवटच्या माणसाच्या डोक्यावर येतात, आणि शेवटचा माणूस तुम्हाला सकाळी दिसला. वर्कशॉपमध्ये सगळा स्टँड एकदा उभा करून बघितला होता म्हणून तरी भिंती परत पटकन जुळल्या, नाहीतर दुपार झाली असती.

एलईडी वॉलचं तर तुम्हाला त्या सकाळी कोणी नीट सांगितलंच नाही. स्टँडला किती वीज लागेल त्याचा, म्हणजे लोडचा फॉर्म ठरलेल्या तारखेच्या आत भरावा लागतो, आपण 20 किलोवॉट भरले होते. नवीन मशीनला आणखी 11 लागत होते. तो अर्ज तारीख उलटल्यावर गेला, त्यामुळे वेळेत भरणाऱ्या सगळ्यांचं झाल्यावर आपलं वाढीव कनेक्शन आलं, म्हणजे उद्घाटनाच्या सकाळी. तोपर्यंत वायरमनने मशीन आणि लाईट चालू ठेवले आणि वॉल बंद ठेवली. निर्णय बरोबर होता, सगळं एकदम चालू केलं असतं तर मेन ट्रिप होऊन लाईटही गेले असते आणि मशीन मध्येच थांबलं असतं. पण तुमचे पाहुणे येत असताना तुम्ही काळ्या भिंतीसमोर उभ्या होतात आणि कारण माहीत नव्हतं, याबद्दल मनापासून माफी मागतो. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मीच लिहितो, व्हिडिओला वर-खाली काळी पट्टी येत होती. वॉल 4 बाय 2.5 मीटरची, म्हणजे 1536 बाय 960 पिक्सेल, आणि तुमच्या एजन्सीने व्हिडिओ नेहमीच्या 1920 बाय 1080 मध्ये केला होता. ते माप त्यांना आम्ही द्यायला हवं होतं, दिलं नाही.

आता निळा रंग. यात मशीनचा, तारखांचा, कोणाचाच दोष नाही, ही पूर्ण आमची चूक. तुमच्या गाइडलाइनमध्ये पॅन्टोन नंबर, म्हणजे नेमक्या छटेचा छपाईचा नंबर, स्पष्ट होता. आम्ही तुम्हाला पीडीएफ पाठवली, तुम्ही स्क्रीनवर बघून ओके केलं, पण स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कापडावरचा शाईचा, त्यात निळ्यामध्ये मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, थोडी जास्त पडली की जांभळट दिसतो, आणि मागे लाईट लागला की आणखीनच. म्हणून त्याच कापडाची नमुन्याची एक पट्टी छापून ती त्याच लाईटसमोर धरून बघायची असते. आम्ही दरवेळी करतो. यावेळी फायनल फाइल उशिरा आली म्हणून आमच्या माणसाने पट्टी न छापता थेट छापलं, तुम्हाला न विचारता. त्या पॅनलचे पूर्ण पैसे बिलातून काढलेत.

बिलाबद्दल. रात्रीच्या मजुरीची ओळ आणि जास्तीच्या प्लायवूडची ओळ काढली, कारण खर्च होण्याआधी तुम्हाला विचारलं नव्हतं. लोडचा लेट चार्ज आणि फोर्कलिफ्टची दुसरी फेरी मात्र राहील, ते ऑर्गनायझरला जसंच्या तसं भरलंय, पावत्या आहेत. यावर तुम्ही नाराज व्हाल तरी मला ते योग्य वाटतं.

आमच्याकडे आता साइन झालेल्या ड्रॉइंगनंतरचा कुठलाही बदल फोनवर कोणी स्वीकारत नाही, मीसुद्धा नाही. एका पानावर लिहून जातं की या बदलाने कोणतं काम किती तास सरकेल, कोणता फॉर्म परत भरावा लागेल, किती खर्च वाढेल, आणि तुमची सही आली की मगच हात लावायचा. आणि क्लायंटशी बोलणारा माणूस पहिल्या मीटिंगपासून स्टँड मोडेपर्यंत एकच. तुमच्या वेळी तिघं बोलत होते आणि तिघांची उत्तरं वेगळी होती, ते मेलमध्ये वाचताना मलाच त्रास झाला.

सुधारलेलं बिल आणि दोन्ही पावत्या आज तुमच्या अकाउंट्सला मेल केल्यात. बॅकलिट पॅनलची फ्रेम आमच्या गोडाऊनमध्ये चांगल्या स्थितीत आहे, तुमच्या रिसेप्शनला हवी असेल तर नवीन कापड आमच्या खर्चाने छापून बसवून देतो, त्याआधी पट्टी पाठवेन, ती लाईटसमोर धरून बघा आणि रंग बरोबर वाटला तरच हो म्हणा.