एका डोळ्याचं हळदीकुंकू

संक्रांत होऊन रथसप्तमी यायची होती. म्हणजे सांगलीत हुरडा आणि हळदीकुंकू दोन्ही एकाच वेळी जोरात. तासगावकडे एका मळ्यात आम्ही हुरड्याला गेलो होतो. ह्यांनी गरम कणीस तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली ती थेट माझ्या तोंडावर. कुसळ गेलं उजव्या डोळ्यात. बुबुळाला ओरखडा. डॉक्टरांनी मलम घालून पट्टी चिकटवली आणि म्हणाले, "काळजी कशाला करता? दुसरा डोळा शाबूत आहे की!"

होता. पण घरी येऊन चहा ओतला तो कपही सोडून आणि बशीही सोडून, थेट ह्यांच्या पेपरवर. मिक्सरची पिन भिंतीला टोचत बसले. कढईत टाकलेली मोहरी गॅसच्या शेगडीवर तडतडली. धुण्याचा चिमटा दोरीच्या अलीकडेच हवेला लावला. बरं, दिसत नव्हतं म्हणावं, तर मोहरीचा दाणा न् दाणा दिसत होता. ह्यांच्यामागे स्कूटरवर बसून आयर्विन पुलावरून गेले, तर कृष्णामाई, घाट, समोरची रिक्षा, सगळं जिथल्या तिथं. हाताच्या टप्प्यातलं जग तेवढं बोटभर सरकलेलं.

आमची कन्या फिजिओथेरपी शिकते. घरात कुणाला काही झालं की तिला परीक्षेची उजळणी करायला मिळते. "आई, दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटीमीटर अंतर असतं ना, म्हणून दोघांना दिसणारी चित्रं जराशी वेगळी असतात. त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. वस्तू जवळ असली की फरक मोठा, लांब गेली की नगण्य. लांबचं मग सावली, आकार, कुणाच्या आड काय लपलंय, असल्या खुणांवर भागतं. कपात चहा ओतायला तेवढं पुरत नाही."

हे म्हणे १८३८ साली व्हीटस्टन नावाच्या इंग्रजानं आरसे लावून दाखवलं. एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी रेखाटनं, एकेका डोळ्याला एकेक. बघणाऱ्याला सपाट कागदावर उंच-खोल ठोकळा दिसे. त्याच्या घरी चहा कोण ओतत होतं, ते काही तिला सांगता आलं नाही.

आणखी एक तिनं सांगितलं ते मात्र मी स्वतःच्या हातावर पाहिलं. एक डोळा झाकला की हात हळू जातो, आणि बोटं लागतात त्यापेक्षा जास्त फाकतात. मेंदूचा स्वतःच्या मोजमापावर विश्वास नसतो. साधा तिळाचा लाडू उचलायला माझा पंजा नारळ धरायला निघाल्यासारखा उघडायचा. सासूबाई बघत होत्या. "किती घ्यायलीस?" म्हणाल्या.

ह्यांना क्रिकेटशिवाय सांत्वन करता येत नाही. "पतौडींचा उजवा डोळा १९६१ मध्ये मोटार अपघातात गेला, आणि त्याच वर्षी कसोटी खेळले. पुढच्या वर्षी कप्तान!" त्याच पतौडींनी सुरुवातीला जगमधलं पाणी ग्लासाऐवजी टेबलावर ओतलं होतं, एवढा भाग ह्यांनी गाळला. तो कन्येनं पुरवला.

आणि अशा अवस्थेत आमच्याकडे हळदीकुंकू. निमंत्रणं गेलेली. पहिल्या आल्या शेजारच्या वहिनी. मी कुंकवाचं बोट पुढे केलं, ते त्यांच्या कपाळाच्या अलीकडेच थांबलं. वहिनी कपाळ पुढे करून डोळे मिटून उभ्या, माझं बोट हवेत. दुसऱ्यांदा जरा नेटानं नेलं, तर नाकाच्या शेंड्यावर. "असू दे हो," म्हणाल्या. पण स्वर असू दे म्हणणाऱ्या बाईचा नव्हता.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. तेव्हा कोण बघत होतं? आता पोराचा चांगला डोळा काही तास झाकून आळशी डोळ्याला कामाला लावतात, आणि तेही जितकं लहानपणी तितकं बरं. तरी सुईत दोरा त्या माझ्याआधी ओवतात. त्या म्हणाल्या, "डोळ्यावर कशाला विसंबतीस? चहा ओतताना भांड्याची चोच कपाच्या कडेला टेकव, मग वाकव. कुंकू लावताना डाव्या हातानं हनुवटी धर. एक हात कुठं हाय ते कळलं की दुसरा बरोबर येतो."

गेले बाहेर. डाव्या हातानं हनुवटी धरली, अंगठ्याच्या अंदाजानं कपाळ काढलं, कुंकू जागच्या जागी. पुढचीचं तसंच, तिच्या पुढचीचंही. जाताना जिन्यात एकमेकींत बोलणं चाललं होतं, "किती मायेनं लावते हो! आपल्या घरी सून अशी हनुवटी धरून लावते का कधी?"

पट्टी निघाली. डोळा बरा आहे, चहा कपात पडतो. पण विश्रामबागेत आता कुठंही हळदीकुंकवाला गेले आणि करंडा माझ्या हातात आला, की बायका आधी हनुवटी पुढे करतात.