रीडबॅक ही पोपटपंची नाही

भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय, आणि त्यानेच तो फिरणारा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला, वर 'एकदम खरंय'. मेसेज म्हणतो, विमानतळावरच्या कंट्रोलरचं वाक्य पायलटने परत म्हणून दाखवणं, म्हणजे रीडबॅक, ही पोपटपंची, 'रॉजर' म्हटलं की भागतं, रडारवर सगळं दिसतंच, आणि टोकियोच्या हानेदा विमानतळावर रीडबॅक बरोबर असूनही विमानं धडकलीच की. दुसऱ्या कुणी टाकला असता तर सोडून दिलं असतं.

आधी 'रॉजर'. त्याचा अर्थ तुमचं बोलणं मिळालं, बस. काय ऐकलं ते कंट्रोलरला कसं कळणार? 27 मार्च 1977, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या विमान कंपनीचं जंबो रनवेच्या टोकाला उभं, पॅन अ‍ॅमचं त्याच रनवेवरून टॅक्सी करत येतंय. केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता, टेकऑफची परवानगी दिलीच नव्हती. को-पायलटने मार्ग वाचून दाखवला आणि शेवटी 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ' असं काहीतरी जोडलं, आता यावरून उभे आहेत की निघाले काय समजायचं! कंट्रोलर आधी 'ओके' म्हणाला, मग थांबायला सांगितलं, पण नेमकं तेव्हाच पॅन अ‍ॅमवाले आम्ही अजून रनवेवर आहोत म्हणून सांगत होते, दोघांचे आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर बरीचशी शिट्टीच ऐकू आली. 583 माणसं गेली. त्यानंतर 'टेकऑफ' फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना म्हणायचं, एरवी 'डिपार्चर'. आणि रनवेवर जा, ओलांडा, रनवेच्या अलीकडे थांबा, यातलं काहीही सांगितलं तर पायलटने ते परत म्हणायचं आणि कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं, हा आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, नियमच आहे.

रडारचं म्हणाल तर 2001 साली मिलानच्या लिनाटे विमानतळावर धुक्यात ग्राउंड रडार बंदच होतं, दोन विमानं धडकून 118 मेले.

हानेदाचं अर्धं खरंय, मान्य. जानेवारी 2024 मध्ये कोस्ट गार्डच्या विमानाला 'नंबर वन' (म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले) म्हणून होल्डिंग पॉइंटपर्यंतच, म्हणजे रनवेच्या अलीकडे थांबायच्या जागेपर्यंतच, जायला सांगितलं होतं, रीडबॅकही बरोबर आला, तरी ते रनवेवर गेलं आणि त्यातल्या सहापैकी पाच जण गेले. स्क्रीनवर इशारा होता, तो कंट्रोलरच्या लक्षात आला नाही. मग रडार पुरतं कुठे? रीडबॅकने चुकीचं ऐकलेलं सापडतं, चुकीचं समजलेलं दर वेळी सापडत नाही. पण जपानने यावर रीडबॅक बंद नाही केला, काही काळ 'नंबर वन' म्हणणं थांबवलं!

तेव्हा बाळा, 'होल्ड शॉर्ट'ला, म्हणजे रनवेच्या अलीकडे थांब याला, नुसतं 'रॉजर' म्हणालास तर कंट्रोलर तुला परत विचारणार, विचारायलाच हवं. आणि तो मेसेज आधी ग्रुपवरून काढ.