तीन देशांच्या खांबापासून खाली उतरा

जर्मनीतल्या आखेनला आमच्याकडे पाहुणे आले की मागणी ठरलेली: तीन देशांची सीमा दाखव. फाल्सरबर्गची टेकडी, उंची जेमतेम 322 मीटर. जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम तिथे भिडतात. खांबाभोवती एक फेरी, एक सेल्फी, की लगेच परत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट तिथून खाली झाडीत आहे.

शंभर वर्षांपूर्वीपर्यंत इथे चौथी हद्दही येऊन मिळायची. नेपोलियन हरल्यावर प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स जस्ताच्या एका खाणीवरून अडून बसले. कुणीच सोडेना, म्हणून 1816 साली खाणीभोवतीचा साधारण साडेतीन चौरस किलोमीटरचा पट्टा दोघांचा सामायिक ठरला. हेच तटस्थ मोरेस्ने. 1830 नंतर नेदरलँड्सच्या जागी बेल्जियम आला. 1885 मध्ये खाण संपली, पट्टा तसाच राहिला. 1908 मध्ये तर तिथल्या काही मंडळींनी एस्परांतो ही मुद्दाम बनवलेली जागतिक भाषा बोलणाऱ्यांचं राज्य करायचं मनावर घेतलं होतं. नाव 'आमिकेयो', म्हणजे मैत्रीची जागा! पहिल्या महायुद्धानंतर सगळा भाग बेल्जियमकडे गेला आणि हद्द पुसली. हद्दीचे दगड मात्र बरेचसे उभे आहेत, कुणाच्या परसात, कुणाच्या कुरणाच्या कडेला.

दोन हिवाळे मी ते शोधतेय. पहिला सापडला तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते सातारा जिल्ह्यातले शेतकरी. भावकीतले बांध कोरणं, मोजणीचा दगड रातोरात सरकणं, सगळं भोगलेलं. त्यांनी देश कुठला ते विचारलंच नाही. म्हणाले, "जागचा हललाय का बघ, बाळा."

तेव्हापासून मी नुसता फोटो काढत नाही. चारही बाजू टिपते, शेजारी मोजपट्टी ठेवते, फोनवरचं लोकेशन लिहून घेते, दगड कुठे कललाय तेही. हे प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. रस्ता रुंद झाला, कुंपण बदललं की असा दगड उपटला जातो, आणि तो कुठे होता हे नंतर कुणाला सांगता येत नाही.

फक्त शेवाळ खरवडू नका. तारेच्या ब्रशने दगड स्वच्छ होतो, पण कोरलेला आकडा जातो. टॉर्च बाजूने, तिरका धरा. झिजलेला आकडासुद्धा सावलीमुळे वाचता येतो. दगड खाजगी जागेत असेल तर आधी मालकाला विचारा. आणि पानगळ झाल्यावर जा, उन्हाळ्यात काटेरी जाळीत दोन हातांवरचा दगडही दिसत नाही.