‘सेड मायनस आय’ सगळीकडे एकसारखा चालत नाही

मुंबईतल्या प्रोग्रॅमरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सेड (sed) या मजकूर बदलणाऱ्या कमांडबद्दल एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: ‘फाईलमधला मजकूर बदलायचा असेल तर सेड मायनस आय (sed -i) वापरा. तो मानक पर्याय आहे, मॅकसाठी त्याच्यापुढे रिकामे अवतरण टाकले की तीच ओळ सगळीकडे चालते आणि फाईल जागच्या जागी बदलत असल्यामुळे तात्पुरत्या फाईलची भानगड राहत नाही.’ यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि नव्याने कामाला लागलेली मुले हा सल्ला जसाच्या तसा डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्ये उतरवतात, म्हणून हे उत्तर.

पहिले विधान मानकाचे. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने सांगितलेल्या सेडला मायनस आय नाहीच. 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहन यांनी सेड लिहिला तो येणारा मजकूर वाचून बदललेला मजकूर बाहेर सोडण्यासाठी. मायनस आय ही ग्नू (लिनक्सवरचा सेड) आणि बीएसडी (मॅकवरचा सेड ज्यातून आला) यांनी पुढे आपापल्या पद्धतीने जोडलेली सोय आहे.

दुसऱ्या विधानाने सर्वांत जास्त नुकसान होते. ग्नू सेडमध्ये बॅकअपचे शेपूट (जुनी प्रत ठेवताना फाईलच्या नावाला जोडायचा शेवट) ऐच्छिक असते आणि द्यायचेच तर ते मायनस आयला चिकटवून द्यावे लागते. मॅकवरच्या सेडला मात्र ते हवेच असते. म्हणून रिकामे अवतरण टाकलेली ओळ लिनक्सवर चालवली की ग्नू सेड त्या अवतरणालाच रिकामी स्क्रिप्ट (म्हणजे सेडने पाळायच्या आज्ञा) समजतो, तुमच्या खऱ्या आज्ञेला फाईलचे नाव मानतो आणि अशी फाईल नाही म्हणून तक्रार करतो. उलट, अवतरण न टाकता तीच ओळ मॅकवर चालवली की आज्ञा शेपूट ठरते आणि फाईलचे नाव स्क्रिप्ट ठरते. नाव ‘सी’ने सुरू होत असेल, तर ‘सी’ या आज्ञेनंतर बॅकस्लॅश हवा होता, असा चक्रावून टाकणारा संदेश येतो. मायनस आयनंतर मायनस ई (‘पुढे स्क्रिप्ट आहे’ असे सांगणारा पर्याय) लिहिण्याची पळवाट तर अधिक वाईट, कारण तिथे चूक दिसतच नाही. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एका सहकाऱ्याच्या मॅकवरून आलेल्या कमिटमध्ये प्रत्येक कॉन्फिग फाईलशेजारी नावाच्या शेवटी ‘-ई’ असलेली एकेक जुळी फाईल होती, कारण मॅकच्या सेडने ‘-ई’ हेच बॅकअपचे शेपूट मानले होते.

तिसरे विधान जागच्या जागी बदलण्याचे. ग्नू सेड त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल लिहितो आणि तिला मूळ नाव देतो, म्हणजे इनोड (डिस्कवरची फाईलची मूळ नोंद) बदलतो, हार्ड लिंक (त्याच फाईलचे दुसरे नाव) तुटते आणि सिमलिंकच्या (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या) जागी साधी फाईल येते. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात बाहेरची एकच फाईल आत जोडलेली (बाइंड माउंट केलेली) असेल, तर माउंटवर नाव चढवता येत नाही आणि ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणत सेड थांबतो.

मग करायचे काय? ग्नू आणि मॅक दोन्हीकडे चालणारे रूप हवे असेल, तर मायनस आयला चिकटवून ‘डॉट बॅक’ (-i.bak) लिहावे आणि काम यशस्वी झाल्यावर ती बॅकअप फाईल पुसावी. मानकात बसणारा मार्ग म्हणजे सेडचे आउटपुट तात्पुरत्या फाईलमध्ये घेणे आणि सेड यशस्वी झाला तरच कॅट या फाईलचा मजकूर बाहेर काढणाऱ्या कमांडने ते मूळ फाईलवर ओतणे; याने इनोड, परवानग्या आणि लिंका टिकतात, मात्र ओतताना वीज गेली तर फाईल अर्धवट राहते. त्या धोक्यापेक्षा लिंका तुटलेल्या परवडत असतील, तर त्याच फाईलसिस्टिमवर एमव्हीने (फाईल हलवणाऱ्या कमांडने) तात्पुरती फाईल मूळ नावावर आणावी. आउटपुट थेट त्याच फाईलकडे कधीही वळवू नये, कारण सेड सुरू होण्याआधीच शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती रिकामी करते.

आणखी एक मार्ग म्हणजे एड (ed): हा 1969पासूनचा मजकूर-संपादक मानकात आहे आणि मूळ फाईलमध्येच लिहितो. फक्त डेबियनच्या छोट्या कंटेनर इमेजमध्ये तो मुळात नसतो, तेव्हा स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तो आहे का ते तपासावे.