अर्धा किलोमीटर जडत्व

पेट्रोलचा काटा लाल रेषेखाली गेल्यावरही स्कूटर आणखी पाच किलोमीटर धावते, हा माझा सिद्धांत गेल्या मंगळवारी कोथरूडमध्ये भर रस्त्यात निकालात निघाला. पंप अर्ध्या किलोमीटरवर होता, रस्ता सपाट होता आणि स्कूटर शंभरेक किलोंची होती. मी ढकलायला लागतो न लागतो तोच आमच्या इमारतीतले भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक भाजीची पिशवी सांभाळत शेजारून चालू लागले.

“काय हे वजन, काका!” असे मी धापा टाकत म्हणालो आणि तिथेच चुकलो.

“वजन नव्हे, जडत्व. वजन खाली ओढतं, तुम्ही ढकलताय आडवं. तुम्हाला नडतंय ते वस्तुमान.”

ते येते कुठून, हे मी विचारले नव्हते. तरीही मला कळले, की २०१२ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ज्याचा कण सापडला ते हिग्ज क्षेत्र इलेक्ट्रॉनला आणि प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या कणांना वस्तुमान देते खरे, पण प्रोटॉनच्या वस्तुमानात त्याचा वाटा जेमतेम एक टक्का असतो आणि बाकीचे क्वार्क व त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते. म्हणजे माझ्या स्कूटरमध्ये हिग्जच्या नावावर साधारण एक किलो. तेवढी मी गाणे गुणगुणत ढकलली असती.

“आपल्या नारळीकरांचं म्हणणं निराळंच होतं,” काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ साली मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, जडत्वाचे मूळ दूरच्या विश्वात शोधणाऱ्या अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाच्या विचाराला धरून, प्रत्येक कणाचे वस्तुमान विश्वातल्या इतर सर्व कणांच्या प्रभावातून ठरते. रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणाला ते नसतेच. हा सिद्धांत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही, हे सांगताना काका हळहळले. मला मात्र तो जागच्या जागी पटला, कारण स्कूटरला अवघ्या विश्वाने मागून धरून ठेवले आहे, अशी शंका मला पहिल्या दहा पावलांतच आली होती.

“पण दोन इलेक्ट्रॉनांमधलं गुरुत्वाकर्षण त्यांच्यातल्या विद्युत बलापुढे अगदीच किरकोळ ना?” मी कॉलेजातले उरलेसुरले ज्ञान बाहेर काढले.

“कणांची संख्या बघा! इथे दूरच्यांचाच वाटा मोठा, जवळच्यांचा नगण्य.”

या विधानाचा दुसरा भाग सिद्ध करणारा पुरावा माझ्या शेजारूनच, पिशवीतली कोथिंबीर सावरत, चालला होता.

पंपावर टाकीत पेट्रोल पडताच काका विनासंकोच मागे बसले. स्कूटर कण्हत सुटली.

“प्रवेग कमी झाला, पाहिलंत?” कानाशी प्रसन्न आवाज आला.