दहा मिलिमीटरची बचत

पऱ्हाटीच्या खुंटांनी माझ्या सेकंडहँड पिकअपचे पुढचे दोन्ही टायर फाडले. मागच्यांवर २३५/७५ आर १५ लिहिलेलं. दुकानात नेमका तोच साइज नव्हता. २२५ होता, आणि स्वस्त होता.

"दहाचाच तं फरक आहे भाऊ," दुकानदार म्हणाला.

दहा मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीचं नख. शिवाय मी हुशारी केली होती. दोन्ही नवे टायर पुढेच घातले, एक पुढे एक मागे असला गावंढळपणा नाही.

तीन महिने सगळं छान. नागपुरात फोर बाय फोर लागतोच कुठे? वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांखाली गाडी मागच्या दोन चाकांच्या जोरावर रांगते, पुढची नुसती सोबतीला.

जुलैत काटोलला सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत गेलो. पावसातली काळी माती चाकाला मळलेल्या कणकेसारखी चिकटते. मी छोटा लिव्हर फोर-हायला, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या खाचेत टाकला आणि गाडी सरसरत बाहेर. सासरे बांधावर उभे होते, म्हणून ऐट जरा जास्तच होती. त्याच ऐटीत डांबरी रस्त्याला लागलो. लिव्हर तसाच.

दोनेक किलोमीटरवर कोणीतरी मागून गाडी धरून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. वळणावर स्टिअरिंग जड, टायर चूंचूं करतायत, खालून कण्हण्याचा आवाज. लिव्हर ओढला, तर हलेना.

"हँडब्रेक काढलाय ना?" बायको. हा प्रश्न ती लग्नापासून प्रत्येक प्रवासात विचारते, आणि एकदा तो बरोबरही निघाला होता.

मेकॅनिकला फोन लावला. त्यानं टायरचे नंबर ऐकले आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, सरळ मांगं घ्या. पंधरा-वीस फूट."

मागे घेतली. पोटाखाली टण्णकन आवाज झाला आणि लिव्हर असा सुटला, जसा कधी अडकलाच नव्हता.

रात्री कागद घेऊन बसलो. तो ७५ म्हणजे रुंदीचे टक्के, म्हणून रुंदीत दहा कमी झाले की चाकाची उंचीही घटते. माझी ७३३.५ वरून ७१८.५ मिलिमीटर झाली होती. किलोमीटरभर जायला मागच्या चाकाला ४३४ फेऱ्या, पुढच्याला ४४३. या जातीच्या गाडीत पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे डिफरन्शिअल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच, नसतो. फोर-हायला टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना फिरवणारे दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले. मग त्या नऊ फेऱ्या जाणार कुठे? चिखलात चाक घसरून हिशेब मिटवतं. डांबर उधारी ठेवत नाही, सगळा पीळ गिअरांत साठतो. मेकॅनिकचं म्हणणं, चारही टायर एका मापाचे असले तरी कोरड्या डांबरावर फोर-हाय लावायचाच नाही, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात.

जन्मात स्टिअरिंग न धरलेल्या सासऱ्यांना हे समजावायला मी चार चित्रं काढली. त्यांनी पहिल्यावरच थांबवलं. "जावईबापू, जोडीतला एक बैल आखूड टांगेचा असला तं जू वाकडंच चालते. पाहून नाय घेतली का जोडी?"

२२५ घाट्यात परत केले, २३५ घेतले. चारही चाकांवर एकच आकडा. रविवारी गाडी धुताना स्वतःच वाकून वाकून वाचत होतो. बायको पाइप धरून मागच्या बाजूला होती.

"अहो," ती म्हणाली, "ही स्टेपनी २१५ ची आहे का हो?"